टायगर मॉथ आणि जुहूचा हँगर: तारांच्या आधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एअरफिक्स कंपनीचा, टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाचा १:४८ मापाचा प्लास्टिकचा मॉडेल-संच तुम्ही घेऊन ठेवलाय. आजवर रणगाडे आणि जेट विमानं केलीत, बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान, पहिल्यांदाच करताय. डब्यातली चिन्हं ब्रिटिश प्रशिक्षण विमानाची आहेत, पण तुम्हाला विमान दाखवायचंय बॉम्बे फ्लाइंग क्लबचं, जुहूच्या विमानतळावरचं, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. मागे पत्र्याचा हँगर, त्यात विमान उभं, इंजिनावरचं झाकण उघडून मेकॅनिक कामाला लागलाय, दुसरा शिडीवरून पेट्रोल भरतोय आणि मागच्या कॉकपिटमध्ये शिकाऊ वैमानिक बसलाय. तुम्ही विचारलंय ते मुख्यतः दोन पंखांमध्ये ताणलेल्या तारांबद्दल: दोरा कुठला, लावायचा कधी, आणि हँगर आधी करायचा की विमान.

तारांचं सविस्तर सांगतो. पण तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, अडचण तारांची नाही. तुम्ही विमान हे एक काम आणि हँगर हे दुसरं काम धरलंय, आणि शेवटी दोन्ही एका पाटावर ठेवायचं ठरवलंय. तसं केलं की बहुतेक वेळा महिनोन् महिने खपून केलेलं विमान छपराखाली अंधारात जातं आणि बघणाऱ्याला वरून फक्त पत्रे दिसतात. म्हणून आधी प्रसंग ठरवायचा, मग बघणाऱ्याची नजर कुठून येणार ते ठरवायचं, आणि या दोन्हींवरून विमानाच्या कुठल्या भागावर किती मेहनत घ्यायची ते ठरवायचं. तारासुद्धा त्यातच आल्या.

प्रसंगापासून सुरू करू. टायगर मॉथची पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधल्या भागात असते, वैमानिकाच्या डोक्याच्या थोडी पुढे. तिथून पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनात उतरतं. त्यामुळे भरायचं तर कुणीतरी उंचावर चढावंच लागतं. त्या काळात डब्यातलं पेट्रोल नरसाळ्यातून ओतत आणि नरसाळ्यात मऊ चामडं धरत, म्हणजे पाणी आणि कचरा वरच अडकतो. फार सुंदर क्षण आहे हा. पण पेट्रोल कुणी हँगरच्या आत भरत नाही, विमान बाहेर काढूनच भरतात, कारण वाफ साठली की एक ठिणगी पुरते. आणि पेट्रोल ओतणं चालू असताना खाली इंजिन उघडून पान्हे चालवत नाहीत, कॉकपिटमध्ये माणूसही बसवून ठेवत नाहीत. म्हणजे तुमच्या चित्रात तीन वेगवेगळ्या वेळा एकत्र आल्यात. यातली एक निवडा.

माझं मत विचाराल तर पेट्रोल भरण्याची निवडा. पहिलंच बायप्लेन असताना इंजिन उघडं दाखवायचं म्हणजे किटमधल्या इंजिनाला वायरिंग, नळ्या, सगळं स्वतः जोडावं लागतं. टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन चार सिलिंडरचं आणि उलटं बसवलेलं आहे, सिलिंडर खाली लटकतात. ते नीट केलं तर बघण्यासारखं होतं, पण तो स्वतंत्र प्रकल्प आहे. झाकण बंद ठेवलंत तर तो सगळा वेळ पंख, तारा आणि माणसांना देता येतो. शिवाय पेट्रोल भरताना विमान बाहेर उजेडात येतं, आणि हँगर पाठीमागे राहतो. जागेचा आणि छपराचा दोन्ही प्रश्न तिथेच सुटतात.

आता मापं. टायगर मॉथच्या पंखांचा विस्तार ८.९४ मीटर, लांबी ७.२९ मीटर, उंची २.६८ मीटर. १:४८ ला हे अनुक्रमे १८६, १५२ आणि ५६ मिलिमीटर होतं. हँगरचं दार प्रत्यक्षात १२ मीटर रुंद धरलं तर मॉडेलमध्ये २५० मिमी, म्हणजे पंखांच्या दोन्ही बाजूंना साधारण ३२ मिमी मोकळी जागा राहते. पूर्ण हँगर केलात तर १५ मीटर खोलीसाठी मागे ३१२ मिमी लागतील, आणि पुढे विमान उभं करायला २०० च्या वर. एवढा पाट मुंबई-पुण्याच्या घरात कुठे ठेवणार? म्हणून हँगरचा फक्त पुढचा काप करा: दर्शनी भिंत, दोन्हीकडे सरकवलेली दारं, आत ९० मिमी जागा आणि मागे काळोखी रंगाचा पडदा. त्या नव्वद मिलिमीटरमध्ये एक कामाचं टेबल, काही डबे, भिंतीला टेकवलेला विमानाचा लाकडी पंखा (प्रोपेलर) एवढं दिसलं की डोळा बाकीचा हँगर स्वतःच पूर्ण करतो. विमान बाहेर कोब्यावर, हँगरशी साधारण तीस अंशांच्या कोनात तिरकं उभं करा. त्यासाठी पुढे २३० मिमी धरा. पाट झाला ४०० बाय ३२०. पुस्तकांच्या कपाटाला तो जरा खोल होईल, पण भिंतीलगतच्या टेबलावर आरामात बसतो.

तिरकं का, तर सरळ समोर ठेवलेलं बायप्लेन सपाट वाटतं. पंख दोन ओळींसारखे दिसतात आणि मधल्या तारा एकमेकींवर येतात. तिरकं केलं की वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे आहे आणि दोन्ही पंख टोकांकडे मागे झुकलेत, हे लगेच कळतं. टायगर मॉथची ही खास खूण आहे. पुढच्या कॉकपिटमधल्या माणसाला पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. तसं केल्यावर विमानाचा तोल बिघडू नये म्हणून पंखांची टोकं मागे नेली. टोकं मागे गेल्यावर, शेपूट टेकवून उभ्या असलेल्या विमानात खालच्या पंखाची टोकं जमिनीच्या फार जवळ आली, म्हणून खालच्या पंखाचा वरच्या दिशेचा चढ वाढवला. त्यामुळे खालच्या पंखाचा चढ वरच्या पंखापेक्षा जास्त आहे. जोडणी करताना दोन्ही पंख समांतर बसवण्याचा मोह होतो. तो टाळा.

प्लास्टिक कापण्याआधी हे सगळं पुठ्ठ्यात करून बघा. विमानाचा वरून दिसणारा आकार खऱ्या मॉडेल-मापात कागदावर काढून कापा, हँगरची भिंत खोक्याच्या पुठ्ठ्याची उभी करा, ३५ मिमी उंचीचे दोन-तीन ठोकळे माणसं म्हणून ठेवा. मग खुर्चीवर बसून आणि उभं राहून, दोन्हीकडून बघा. ही तासाभराची तयारी पुढचे कित्येक आठवडे वाचवते.

काळाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण जुहू म्हटलं की ती नेहमी गोंधळात पडते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथमधून, आणि पुस मॉथ हे एकपंखी, बंद केबिनचं विमान. त्या वेळी टाटांच्या टपालसेवेकडे जुहूला होती ती झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई आणि सगळा संसार पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानात हलवावा लागे. म्हणून झापांची शेड आणि त्यापुढे टायगर मॉथ असं चित्र करू नका. युद्धाआधीचं जुहू आणि बायप्लेनच हवं असेल तर जिप्सी मॉथ घ्या. १९२८ मध्ये देशात फ्लाइंग क्लब सुरू झाले ते डी हॅविलंडच्या मॉथ विमानांवर. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला पहिल्या क्रमांकाचं परवानापत्र मिळालं तेही बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून, आणि भारत ते इंग्लंड एकट्याने उडण्याच्या १९३० च्या आगाखान स्पर्धेत ते आणि पुढे वायुदलप्रमुख झालेले अस्पी इंजिनिअर दोघेही जिप्सी मॉथच उडवत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पींचं विमान स्पार्क प्लगसाठी अडलं होतं आणि टाटांनी आपल्याकडचे प्लग दिले. स्पर्धा अस्पींनी जिंकली. कधीतरी त्या भेटीचा डायोरामा, म्हणजे छोट्या मापाचा देखावा, कुणी करावा, अशी माझी फार इच्छा आहे.

तुम्ही निवडलेला काळ मात्र टायगर मॉथसाठी अगदी बरोबर आहे. महायुद्धात भारतीय वायुदलाचे वैमानिक हैदराबादजवळ बेगमपेठला आणि जोधपूरला याच विमानांवर शिकले, आणि युद्ध संपल्यावर त्यातली बरीच विमानं फ्लाइंग क्लबांकडे आली. म्हणजे तुमचं विमान मुळात लष्करी आणि मग मुलकी झालेलं. त्यामुळे शेपटीच्या आडव्या पंखापुढे ज्या लांबट पट्ट्या युद्धकाळात बसवल्या, त्या तुमच्या विमानावर असू शकतात. त्या गिरकीतून बाहेर पडायला मदत व्हावी म्हणून लावल्या होत्या. युद्धाआधीचं विमान करत असता तर त्या काढून घासून टाकायला सांगितलं असतं. मागच्या कॉकपिटवरचा, फक्त उपकरणं बघून उडायला शिकवण्यासाठीचा कापडी टप मात्र लावू नका, क्लबच्या विमानावर त्याचं काम नाही.

संदर्भ-फोटो बघताना सावध राहा. आज उडणाऱ्या जुन्या टायगर मॉथचे रंगीत फोटो भरपूर मिळतात, आपल्या वायुदलानेही एक विमान दुरुस्त करून २०१२ च्या वायुसेना दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उडवलं. पण आजच्या बऱ्याच विमानांना शेपटीला चाक, ब्रेक, रेडिओ, ॲंटेना असं नंतर लावलेलं असतं. मूळ विमानाला ब्रेक नव्हते आणि शेपटीखाली चाक नसून धातूची घसरपट्टी होती. त्यामुळेच उभ्या विमानाच्या चाकांना अडवणारे लाकडी ठोकळे (चॉक) हवेतच. रंगाचा अंदाज जुन्या कृष्णधवल फोटोंवरून बांधू नका. जुन्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा येतो, पिवळाही गडद येतो आणि निळा उजळ दिसतो. एखाद्या विशिष्ट विमानाचा रंग लेखी कुठे सापडला तर तो वापरा, नाहीतर पूर्ण रुपेरी विमान आणि काळी नोंदणी-अक्षरं हा सर्वांत भरवशाचा पर्याय.

भारताची नोंदणी-अक्षरं ‘व्हीटी’ने सुरू होतात, पुढे आडवी रेघ आणि तीन अक्षरं. धडाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या पंखाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या पंखाच्या खालच्या अंगाला ती मोठी येतात. तयार डेकल, म्हणजे चिकटवायची छापील अक्षरं, मिळाली नाहीत तर घाबरू नका. ठोकळेबाज, सगळीकडे सारख्या जाडीची अक्षरं आहेत. साइनबोर्ड करणाऱ्या दुकानात व्हिनाइल कापायचं यंत्र असतं, त्याच्याकडून अक्षरांच्या खिडक्या कापून घ्या आणि त्यातून रंग मारा. फवारलेली अक्षरं डेकलपेक्षा जास्त खरी वाटतात, कारण कापडाच्या फासळ्यांवरून ती सहज वळतात.

रुपेरी रंगाबद्दल नीट वाचा, कारण जेट करणारे इथे हमखास चकचकीत ॲल्युमिनियम मारतात. टायगर मॉथचे पंख लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे. कापडावर डोप नावाचं रोगण लावतात, त्याने ते आवळून घट्ट होतं. मग ॲल्युमिनियमची भुकटी घातलेल्या डोपचे थर येतात, आणि त्यांचं मुख्य काम ऊन अडवणं. उन्हातल्या अतिनील किरणांनी कापड कुजतं, ते ही भुकटी होऊ देत नाही. म्हणजे हा रंग आहे, उघडा धातू नाही. मी ॲल्युमिनियम रंगात साधारण पाचवा हिस्सा फिकट राखाडी मिसळतो आणि वर अर्धवट तकाकीचा थर देतो. इंजिनावरची झाकणं मात्र खऱ्या पत्र्याची, तिथे राखाडी न मिसळता मारा. त्या दोन रुपेरी छटांतला फरक जवळून दिसला की विमान कापडाचं आहे हे न सांगता कळतं. किटमधल्या फासळ्यांच्या उंचवट्यांवर बारीक वॉटर पेपर हलकेच फिरवा. खरं कापड ताणलेलं असतं, फासळ्यांमध्ये ते फारसं झोळत नाही.

आता तारा. आधी त्या कशासाठी आहेत ते समजून घ्या, म्हणजे कुठली तार कुठून कुठे जाते हे पाठ करावं लागत नाही. हवेत असताना पंख वर उचलले जातात, त्यांना खाली धरून ठेवायला धडाच्या खालच्या भागातून वरच्या पंखाच्या बाहेरच्या खांबांकडे तारा जातात. जमिनीवर असताना पंख आपल्या वजनाने खाली येऊ बघतात, त्यांना वर धरायला वरच्या पंखाच्या मध्यापासून खालच्या पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे तारा येतात. या दोघींची फुली होते. पंखांमधल्या पुढच्या आणि मागच्या खांबांच्या रांगेत हे वेगवेगळं असतं. त्याशिवाय मधल्या छोट्या खांबांच्या तारा आणि शेपटीकडे जाणारे नियंत्रणाचे केबल. किटसोबतच्या आकृतीत ज्या तारा आहेत त्या एकदा फोटोशी ताडून बघा आणि एका कागदावर क्रमांक देऊन लिहून ठेवा.

खऱ्या विमानातल्या या तारा गोल दोरखंड नाहीत. पोलादाच्या, चपट्या, दोन्ही कडांना निमुळत्या आहेत, रुंदी काही मिलिमीटर. १:४८ ला ती मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शापर्यंत येते. त्यामुळे ०.१० ते ०.१२ मिमी जाडीच्या वर कुठलाच दोरा घेऊ नका. तीन पर्याय मी नियमित वापरतो. मॉडेलिंगसाठी मिळणारा लवचीक दोरा: सोपा, धक्का लागला तरी परत जागेवर येतो, पण आयात केलेला असतो आणि महाग पडतो. शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात मिळणारा इनव्हिजिबल थ्रेड: स्वस्त, पण पारदर्शक असल्यामुळे रंगवावा लागतो. आणि मासेमारीच्या दुकानातली ०.१० मिमीची नायलॉनची लाइन. पहिल्या बायप्लेनसाठी, आणि घरात लहान मुलं असतील तर नक्कीच, लवचीक दोरा घ्या. हात बसला असेल तर नायलॉन जास्त सरळ आणि रेखीव दिसतो. मी स्वतः नायलॉनच घेतो.

पद्धत अशी. पंख अजून सुटे असतानाच, रंग मारण्याआधी, प्रत्येक तारेच्या जागी हाताच्या ड्रिलने ०.३ मिमीचं भोक पाडा. वरच्या पंखात ते आरपार न्यायचं नाही, अर्ध्या जाडीपर्यंतच. खालच्या पंखात आणि धडात आरपार. भोक सरळ पाडू नका, तार ज्या दिशेने जाणार त्या दिशेने कलतं पाडा, नाहीतर दोरा भोकाच्या कडेवर मोडल्यासारखा दिसतो. मग पंख पूर्ण रंगवा, अक्षरं मारा, पारदर्शक थर द्या. बायप्लेन जोडून झाल्यावर मधल्या भागात फवारा पोचत नाही, हे रणगाड्यांच्या सवयीमुळे लक्षात राहत नाही. खालचा पंख धडाला जोडा. वरच्या पंखाच्या भोकांत दोऱ्याची टोकं सुपरग्लूच्या सुईएवढ्या थेंबाने बसवून, दोरे लोंबते ठेवून, एक रात्र तसंच राहू द्या.

वरचा पंख बसवताना हाताने धरून बसू नका. पुठ्ठ्याचे किंवा मुलांच्या ठोकळ्यांचे दोन आधार करा, विमान त्यात उलटं ठेवा, वरचा पंख खाली आणि धड वर. आधी मधले छोटे खांब, ते वाळल्यावर बाहेरचे. प्रत्येक टप्प्यावर पुढून आणि वरून बघून दोन्ही बाजूंचा कोन सारखा आहे ना ते तपासा. इथे घाई करू नका, कारण एकदा तारा लागल्या की कोन बदलता येत नाही.

नायलॉनची एक तार ओढताना काय होतं ते सांगतो. लोंबणारा दोरा बारीक चिमट्याने खालच्या पंखाच्या भोकातून ओवा. खालून बाहेर आलेल्या टोकाला कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा हलका चिमटा लावा आणि विमान असं ठेवा की तो अधांतरी लटकेल. तेवढं वजन पुरतं. त्याहून जड काही लावलं तर पातळ पंख हळूहळू वाकतो. आता शिवणाच्या सुईचं टोक सुपरग्लूमध्ये बुडवून भोकाच्या तोंडाशी नुसतं टेकवा, द्रव आपोआप आत खेचला जातो. दहा मिनिटं थांबा, मग नवीन ब्लेडने खालून दोरा पंखालगत कापा. भोकाच्या जागी पुट्टीचा कण, पाण्यातला बारीक वॉटर पेपर, आणि रंगाचा टिपका. आधी आतल्या तारा, मग बाहेरच्या, आणि एका बाजूची एक झाली की लगेच दुसऱ्या बाजूची तीच. सगळ्या एकाच बाजूने ओढत गेलात तर पंख तिकडे कलतो.

इतकं करूनही एखादी तार किंचित सैल राहते, आणि सैल तार कपड्यांच्या दोरीसारखी दिसते. त्यावर उपाय उदबत्ती. पेटत्या उदबत्तीचं टोक नायलॉनपासून सुमारे सेंटिमीटरभर लांब ठेवून तारेच्या मध्यावरून एकदाच सावकाश फिरवा. नायलॉन आवळून ताठ होतो. जवळ नेलं तर तो तुटतो, आणि पंखाचं प्लास्टिक उष्णतेने वितळतं, म्हणून आधी दोन काड्यांमध्ये ताणलेल्या तुकड्यावर हात बसवा. लवचीक दोऱ्यावर हे अजिबात करायचं नाही. शेवटी तारांना काळा रंग देऊ नका. गडद पोलादी राखाडी द्या, कोरड्या होत आलेल्या ब्रशने.

कॉकपिटच्या काचा सुपरग्लूने चिकटवू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकं धुकं बसतं आणि दमट हवेत ते आणखी वाढतं. पांढरा फेव्हिकॉल पुरतो. पावसाळ्यात लॅकरचा मॅट थर फवारणंही टाळा. हवेतली वाफ ओल्या थरात अडकून विमान राखेसारखं पांढुरकं होतं. एसी लावून तासभर खोली कोरडी करता येत असेल तरच मारा, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत थांबा.

हँगरमध्ये मला सगळ्यात आनंद पत्र्यांचा होतो. खऱ्या पन्हळी पत्र्यात एका पन्हळीपासून दुसरीपर्यंत साधारण ३ इंच, म्हणजे ७६ मिमी असतात. १:४८ ला ते १.६ मिमी होतं. आणि वेल्डिंगच्या दुकानात टिग वेल्डिंगच्या ज्या बारीक सळ्या मिळतात, त्यातली एक प्रमाणित जाडी नेमकी १.६ मिमी आहे. त्या सळ्यांचे दहा सेंटिमीटरचे तुकडे काचेच्या तुकड्यावर एकाला एक चिकटवून ओळीत बसवा. झाला साचा. पत्र्यासाठी जेवणाचं पार्सल येतं ते ॲल्युमिनियमचं भांडं घ्या, स्वयंपाकघरातली फॉइल फार पातळ पडते. भांड्याच्या तळाचा सपाट भाग कापून साच्यावर ठेवा आणि बोथट केलेल्या बांबूच्या काडीने एकेका खाचेतून दाबत न्या. मधल्या खाचेपासून सुरुवात करून बाहेर जा. एका टोकापासून सुरू केलं तर पत्रा ओढला जाऊन फाटतो. खरा पत्रा आठ फूट लांब आणि दोन फुटांच्या आसपास रुंद धरलात तर तुकडे ५१ बाय १३ मिमीचे येतात. ते एकेक सुटे कापून, शेजारच्यावर एक पन्हळ चढवून, वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी येईल असे लावा. एकच मोठी पन्हळी शीट लावलेली भिंत कधीच खरी वाटत नाही. सुट्या पत्र्यांत एखादा किंचित तिरका, एखादा नवा, एखादा गंजलेला असा फरक आपोआप येतो.

जुहू समुद्राच्या इतकं जवळ आहे की पत्रा गंजणारच, पण गंज सगळीकडे सारखा उधळू नका. खाऱ्या हवेत गंज आधी धरतो तो खिळ्यांच्या भोकांशी, पत्र्यांच्या जोडात आणि खालच्या कडेला, जिथे ओल टिकते. तिथून तो ओघळांनी खाली येतो. वरचा भाग फिकट राखाडीच राहू द्या.

आतल्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, प्लास्टिकच्या अँगल पट्ट्यांच्या करा. तुम्ही पुढचाच काप करणार असल्यामुळे दर्शनी भिंतीलगतची एक आणि तिच्या मागे एक, एवढ्या दोन पुरतात. भिंतीचा सांगाडा फोमबोर्डचा चालेल, पण दोन्ही बाजूंना रंगाचा किंवा वॉर्निशचा थर द्या. एकाच बाजूला दिला तर पावसाळ्यात बोर्ड धनुष्यासारखा वळतो आणि पत्रे सुटतात. दिवा लावायचा असेल तर मागच्या पडद्यावर नको, कैचीला एकच पिवळसर एलईडी, खाली टेबलावर उजेड पडेल असा.

जमिनीसाठी हँगरपुढे सिमेंटचा कोबा आणि त्याच्या पुढे गवत. माती लाल करू नका. जुहूची जमीन समुद्राकाठची, वाळू मिसळलेली, राखाडी-तपकिरी. खरी माती वापरणार असाल तर चाळून, ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कडक भाजून मगच वापरा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते. गवत पावसानंतरचं, बुंध्याशी हिरवं आणि टोकाला पिवळं. कोब्यावर तेलाचे डाग विमानाच्या नाकाखाली जिथे इंजिन येतं तिथे दाट, बाकी कुठे तुरळक. पेट्रोल उडून जातं, त्याचा काळा डाग राहत नाही, त्यामुळे शिडीखाली काळा रंग मारू नका, थोडा ओलसर चकाकीचा भाग ठेवा.

माणसांचे तयार संच १:४८ मध्ये बहुतेक लष्करी मिळतात. शिडीवरच्या माणसाला खाकी अर्धी चड्डी आणि बनियन, खाली डबा वर देणारा दुसरा, आणि बाजूला पांढऱ्या शर्टातला शिकाऊ वैमानिक, एवढे तीन पुरेत. शिडीवरच्याची नजर नरसाळ्यात असली पाहिजे. मान खाली वळवायला डोकं कापून परत चिकटवावं लागलं तरी ते करा, कारण बघणारा आधी माणसाच्या नजरेमागे जातो. विमान उभं असताना मागच्या आडव्या पंखाचा हलता भाग किंचित खाली झुकलेला दाखवा, दांडी मोकळी सोडली की तो तसाच पडतो.

क्रम पुन्हा एकदा: पुठ्ठ्याचा नमुना, मग पंखांना भोकं आणि रंग, रंग वाळत असताना पत्रे आणि कैच्या, मग विमानाची जोडणी आणि तारा, त्यानंतर पाटावरची जमीन, आणि माणसं सगळ्यात शेवटी. हँगर आणि विमान बरोबरच चालवा. रोज एकाच तारेवर नजर ताणून डोळे थकतात, तेव्हा पत्रे दाबायला बसा.

विमान पाटाला कायमचं चिकटवू नका. दोन्ही चाकांखाली अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेची खुंटी बसवा आणि कोब्यात तेवढीच भोकं ठेवा, म्हणजे धूळ झटकायला, एखादी तार बदलायला विमान उचलता येतं. वर ॲक्रिलिकची पेटी हवीच, तारांवर बसलेली धूळ ब्रशने काढता येत नाही. पेटी पूर्ण हवाबंद करू नका, मागे खाली बोटभर फट ठेवा आणि पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाका. पुठ्ठ्याचा नमुना झाला की बसल्यावर डोळे ज्या उंचीवर येतात तिथून एक आणि उभं राहून एक असे दोन फोटो काढून पाठवा, सोबत ज्या टेबलावर हे ठेवणार त्याची उंचीही लिहा. विमानाचा कोन आणि दाराची उंची त्यावरून नक्की करू.